ओळखदार

ते तीन व्यवहार मीच केलेत, असं यंत्र म्हणालं. ९९.८ टक्के मीच.

"तुमची काळजी आम्हाला समजते, त्रिशलाताई," फोनमधली सखी म्हणाली. सखी म्हणजे बँकेचं बोलणारं यंत्र. म्हाताऱ्या बाईशी बोलताना आवाज मऊ करायचा, असं तिला कुणीतरी शिकवून ठेवलंय. पाळण्यातल्या पोराशी बोलावं तशी ती बोलते. "बुधवारी दुपारी दोन वाजून सात मिनिटांपासून अकरा मिनिटांत तुमच्या कार्डावरून चार लाख बारा हजारांचं डिजिटल सोनं घेतलं गेलं. तिन्ही वेळा तुमचा सवयठसा जुळलेला आहे."

"दोन वाजता मी झोपलेली असते."

"तुमच्या नोंदीनुसार तुम्ही एक पन्नासला उठता."

"मी कधी उठते हे तू मला सांगणार?"

"तुम्हाला राग आल्याचं जाणवतंय. आपण दोघी मिळून दहा दीर्घ श्वास घेऊ या का? एक..."

मी फोन उशीखाली कोंबला. उशीखालून ती सातपर्यंत मोजत राहिली.

सवयठसा म्हणजे काय, ते सांगते. आठ-नऊ वर्षांपूर्वी चोर लोक गुप्त आकडे पळवायला लागले, चेहरे आणि आवाज हुबेहूब बनवायला लागले, तेव्हा बँकांनी ही युक्ती काढली. माणसाचा हात सतत थरथरतो. तरण्याताठ्याचाही. सेकंदाला आठ ते बारा वेळा, डोळ्याला दिसणार नाही इतका. फोन ती थरथर मोजतो. फोन तुम्ही किती तिरका धरता, दोन आकड्यांच्या मध्ये किती थांबता, शेवटचं बटण दाबण्याआधी अंगठा हवेत घुटमळतो का, कोणत्या वारी काय विकत घेता, अशी चारशे मापं. एका व्यवहाराच्या चारशे मापांचा मिळून एक ठिपका. वर्षानुवर्षांच्या हजारो ठिपक्यांचा होतो एक ढग. त्या ढगाचा मधला बिंदू म्हणजे बँकेच्या लेखी तुम्ही. नवा व्यवहार त्या मध्याच्या जितका जवळ, तितके टक्के जास्त. दूध, औषध असल्या किरकोळ रकमांना साठ टक्के पुरतात. मोठ्या रकमेला नव्वद लागतात. 'आकडा चोरता येतो, सवय चोरता येत नाही,' अशा पाट्या तेव्हा बँकेने सांगलीभर लावल्या होत्या.

मला त्या पाट्यांचं हसू यायचं. कारण सवय चोरणारी माणसं मी सदतीस वर्षं पाहिली होती.

१९७९ साली, एकविसाव्या वर्षी, मी हळदपेठ सहकारी बँकेत लागले ती सह्या तपासायच्या टेबलावर. प्रत्येक खातेदाराच्या नमुना सहीचं एक कार्ड असे. लांबट लाकडी खणांत ती कार्डं उभी लावलेली. चेक आला की कार्ड ओढायचं, दोन्ही शेजारी ठेवायचे, आणि पास किंवा परत. बोटांना त्या खणांचा वास कायमचा लागला होता. जुनं सागवान, शाई, आणि पेठेतून उडून येणारी हळद. पुढे ती बँक दुसऱ्या बँकेत गेली, दुसरी तिसऱ्या मोठ्या बँकेत, आणि माझं खातं त्यांच्याबरोबर सामानासारखं जात राहिलं.

त्या टेबलावर मी एक गोष्ट शिकले. सही चुकली म्हणजे खोटी, असं नाही. माणूस घाईत असतो, ताप आलेला असतो, नुकता भावाशी भांडून आलेला असतो. खोटी असते ती हुबेहूब सही. १९९१ साली एका अडत्याच्या पुतण्याने काचेखाली दिवा लावून काकाची सही गिरवली होती. चेक कार्डावर ठेवून उजेडात धरला, तर केसाचा फरक नाही. मी तिथेच तो बाजूला काढला. जिवंत माणसाची सही दोनदा तंतोतंत सारखी होत नाही.

म्हणून ९९.८ ऐकल्यावर मला तो गिरवलेला चेक आठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सखीला विचारलं, "आजवर माझे सगळ्यात जास्त टक्के किती आलेत?"

"तुमची सर्वाधिक नोंद ९४.१ टक्के आहे."

"मग हे ९९.८ कुठून आले?"

"अभिनंदन! तुमच्या सवयींमधलं सातत्य वाढत आहे."

अशा वेळी समोर एखादा माणूस असता तर त्याच्या अंगावर पाण्याचा तांब्या तरी ओतता आला असता.

आणखी एक गोष्ट मी तिला सांगितली. गेल्या मार्गशीर्षात मला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. म्हणजे आहे, पण मांडीवर ठेवलेल्या पिशवीसारखा. तेव्हापासून मी फोन डाव्या हाताने चालवते. महानंदा फोन धरते आणि मी बोट टेकवते. माझे टक्के चौसष्ट-पासष्टच्या वर जात नाहीत. मग मी नव्व्याण्णव कशी होईन?

"शारीरिक बदल कळवण्याची मुदत नव्वद दिवसांची होती," सखी म्हणाली. "मात्र फोन धरणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीबद्दल सांगितल्याबद्दल आभार. तुमच्या खात्याजवळ पोचू शकणाऱ्या व्यक्तीचं नाव दिलंत, तर तक्रार पुन्हा उघडता येईल."

फोनच्या पडद्यावर एक अर्ज आला. त्यात एकच रिकामी चौकट होती. संशयित व्यक्तीचं नाव.

महानंदा कोळेकर माझ्याकडे अकरा महिने होती. सकाळी साडेसातला यायची, संध्याकाळी दिवेलागणीआधी आम्हा दोघींचं जेवण उरकून जायची. आम्ही जैन, सूर्यास्तानंतर जेवत नाही. आल्या दिवशी तिने विचारलं होतं, "मंग रातच्याला भूक लागली तर वो आक्का?" मी म्हटलं, पाणीसुद्धा नाही. ती म्हणाली, "बरं हाय. भांडी कमी." मला माणूस आवडलं.

पण त्या चौकटीकडे बघताना मला भडंग आठवलं.

चोरीच्या दोन दिवस आधी, सोमवारी, घरी भडंगाचं पाकीट आलं होतं. अर्धा किलो, कांदा-लसूण न घातलेलं, गणपती पेठेतल्या त्याच दुकानातलं. किती वर्षं मी दर सोमवारी ते मागवत असे. झटका आल्यापासून गिळताना ठसका लागतो, म्हणून डॉक्टरांनी चुरमुऱ्यांचं सगळं बंद केलं. मी मागवलं नव्हतं. महानंदाने पाकीट घेतलं आणि म्हणाली, "आक्का, जीभ चाळवली व्हय? तुमाला चालत न्हाई, आना, मीच खाते." तिने खाल्लं. मी हसले. विसरले.

आता विसरता येईना. माझं कार्ड वापरून भडंग कुणी मागवलं? बिनकांद्याचं, बिनलसणाचं? घरातल्याशिवाय हे कुणाला माहीत?

मुलगा सन्मती पुण्याला असतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "आई, नाव टाक. निर्दोष असेल तर चौकशीत सुटेल ना ती. तुझे पैसे अडकलेत."

"अरे, अकरा महिने ती मला न्हाऊ घालते."

"म्हणूनच सांगतोय. सगळ्यात जवळचं माणूसच करतं. बातम्या बघत नाहीस का तू?"

महानंदा स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. तो आवाज ऐकत मी डाव्या हाताच्या एका बोटाने एकेक अक्षर शोधून लिहिलं. महानंदा कोळेकर. लिहून झाल्यावर ते नाव माझ्याकडे बघायला लागलं. मी एकेक अक्षर खोडलं. अर्ज बंद केला. कुणाला काही कळलं नाही असं समजून मी भाकरी आणि दोडक्याची भाजी जेवले. महानंदाने पाणी पुढे केलं, तेव्हा मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं नाही.

चौथ्या दिवशी ती साडेसातला आली नाही. अकराला आली. दारातच उभी राहिली. चप्पल काढली नाही.

"आक्का, माझं नाव तुमी बँकेला दिलंसा?"

"नाही."

"आक्का."

"नाही दिलं, महानंदा. लिहिलं होतं. खोडलं."

तिने गळ्यातलं सेविकापत्र उचलून माझ्यासमोर धरलं. आजारी माणसांकडे काम करणाऱ्या प्रत्येक बाईला आता ते लागतं. पोलीस, बँका, कामाला लावणाऱ्या संस्था, सगळ्यांची माहिती त्यात आपोआप येऊन पडते. एरवी त्याची कड हिरवी असते. महानंदाची लाल होती.

"मिरजंच्या डॉक्टरीनबाईंकडं पहाटंचं दोन तास करते मी, तुमाला ठावं हाय. आज त्यांच्या फाटकानंच मला आत घेतलं न्हाई. फाटकानं, आक्का! बाई वरनं बघत हुत्या, खाली उतरल्या न्हाईत. संस्थेच्या हापिसात गेले तर ती पोरगी म्हनती, बँकेचा संशय हाय. खातेदारानं नाव लिवलं आनि घाबरून खोडलं, म्हंजे धाक असनार, असं लिवलंय तिथं. मी तुमाला धाक घातला?"

 लिहिलेलं राहतं हे मला माहीत होतं. आयुष्यभर त्यावरच जगले. खोडलेलंही राहतं हे मला माहीत नव्हतं. बोट कुठे थांबलं, कुठे मागे गेलं, हे सगळं त्या ठशात जात होतं. मला वाटलेली लाज त्यांनी मोजली आणि तिला नाव दिलं धाक.

"भडंग..." मी म्हणाले.

"काय भडंग?"

"ते कुणी मागवलं?"

तिने सेविकापत्र पुन्हा गळ्यात सोडलं. मग म्हणाली, "म्हंजे तवापास्नं बघताय माझ्याकडं. मी आपली खुळी, खात बसले तुमच्यासमोर." आणि गेली. जाता जाता आत येऊन, मी कसंबसं ठेवलेल्या दुधाखालचा गॅस मात्र बंद करून गेली.

त्या दुपारी एकटी बसले असताना मला गंगव्वा आठवली. १९८४ साल असेल. गंगव्वा हळदीच्या कारखान्यात वेचणीला होती. पैसे काढायला आली, अंगठा उमटवला, आणि मी तो कार्डाशी जुळवला. जुळेना. रेषाच नव्हत्या. मी स्लिप परत केली. तिने पुन्हा उमटवला. मी पुन्हा परत केली. मला अभिमान होता स्वतःचा, पाच वर्षांत एक चूक नव्हती. ती काउंटरसमोर खाली बसली आणि रडायला लागली. नवरा दवाखान्यात होता.

आमचे मॅनेजर मगदूम साहेब बाहेर आले. त्यांनी कार्ड उलटं केलं. पूर्वी खातं उघडताना ओळखदार लागायचा. ज्याचं आधीपासून खातं आहे असा एक माणूस 'मी यांना ओळखतो' म्हणून सही करायचा. गंगव्वाचा ओळखदार कारखान्यातला दिवाणजी होता. साहेबांनी शिपायाला सायकलवर पाठवलं. पंधरा मिनिटांत दिवाणजी आला, बघितलं, म्हणाला, "हीच." पैसे दिले गेले. साहेब मला एवढंच म्हणाले, "बाई, हळद अंगठा खाते. माणसाला नाही खात."

चोपन्न वर्षं झाली त्याला. आज माझा अंगठा कुणी खाल्ला होता, आणि कार्ड उलटं करायला मगदूम साहेब नव्हते.

मी बँकेत जायचं ठरवलं. सखीने तीनदा सांगितलं की शाखेत यायची गरज नाही. मी म्हटलं, गरज माझी मी ठरवीन. मग महानंदाला फोन केला. तिने उचलला.

"मी उद्या बँकेत जाते. तुझ्यावरचा डाग काढल्याशिवाय परत येणार नाही."

ती म्हणाली, "मी बी येते. माझ्यासमोर काढा."

आम्ही एकाच रिक्षातून गेलो. तिने मला उचलून बसवलं, उतरवलं, सगळं नेहमीसारखं, नीट. शब्द एक नाही.

शाखेत आता काउंटर नाहीत. काचेची एक खोली, एक टेबल, आणि टेबलात बसवलेली काळी काच. तिच्यावर बोटाने लिहायचं. अधिकारी तिशीतला होता. निनाद उपळेकर, असं छातीवर लिहिलेलं. चेहऱ्यावर झोप.

"या आजी, बसा."

"आजी नको. आरवाडे बाई म्हणा. याच बँकेच्या पोटात मी सदतीस वर्षं काढलीत."

तो जरा सरळ बसला. महानंदा भिंतीला टेकून उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

मी सगळं सांगितलं. त्याने ऐकलं, पण मान खाली घालून. शेवटी म्हणाला, "बाई, मला पटतंय. पण माझ्या पटण्याला इथे जागा नाही. ठसा जुळला की व्यवहार ग्राहकाचा. चौकशी लागली तर एकशे ऐंशी दिवस. तोवर यांचं पत्र लाल राहणार."

"सहा म्हैने?" महानंदा भिंतीपासून म्हणाली. "सहा म्हैने मी काय करू सायेब? दोन्ही घरं सुटतील."

उपळेकर माझ्याकडे वळला. "एक मार्ग आहे. ते व्यवहार तुम्हीच केलेत असं तुम्ही मान्य केलंत, तर तक्रार बंद होते. तक्रार नाही तर संशय नाही. दहा मिनिटांत पत्र हिरवं होईल. पैसे मात्र..."

"गेले."

"गेले."

चोर मोकळा, बँक मोकळी, आणि खोटं लिहून द्यायचं मी.  सदतीस वर्षांत एक खोटी सही माझ्या टेबलावरून पुढे गेली नव्हती. आता ऐंशीव्या वर्षी खोट्याखाली माझीच सही मागत होते, आणि तीसुद्धा मदत म्हणून.

मी महानंदाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या गळ्यातलं ते लाल पत्र छातीबरोबर वरखाली होत होतं.

"आणा इकडे," मी म्हणाले.

काळ्या काचेवर मजकूर उमटला. वरील तिन्ही व्यवहार मी स्वेच्छेने केले असून. मी डाव्या हाताच्या बोटाने सही केली.

काच म्हणाली, ६४.

"पुन्हा करा बाई. मोठ्या रकमेला नव्वद लागतात."

पुन्हा केली. ६१.

तिसऱ्यांदा हात खाली टेकवून, जीव एकवटून, शाळेतल्यासारखी केली. ६६. काच लाल झाली आणि तिच्यावर अक्षरं आली.

मला हसू फुटलं. कित्येक दिवसांतलं पहिलं. "उपळेकर, काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा."

तो वाचेना.

"वाचा. तुमच्याच यंत्राने लिहिलंय."

"समोरील व्यक्ती खातेदार नाही," त्याने वाचलं.

"झालं. आता मला सांगा. मी त्रिशला आरवाडे नसेन, तर माझ्या कबुलीला अर्थ नाही. आणि असेन, तर माझे चौसष्ट टक्के पडतात. मग बुधवारी नव्व्याण्णव टक्के पडलेली ती दुसरी कोण? दोघींपैकी एकच खरी असणार. आणि ती इथे तुमच्यासमोर खोकत बसली आहे."

उपळेकरने कॉलर सैल केली. त्याची झोप उडाली होती. "पण तुम्ही त्या आहात हे आता कशावरून धरायचं? ठसा नाही म्हणतोय."

"तुमच्याकडे माणसाने माणसाला ओळखायची काही सोय उरली आहे का नाही?"

तो काचेवर बराच वेळ शोधत राहिला. खाली, आणखी खाली. मग म्हणाला, "एक कलम आहे. महापुराच्या वेळचं. लोकांचे फोन, कागद, सगळं वाहून गेलं होतं, तेव्हा केलेलं. रद्द करायचं राहिलंय बहुतेक. ज्ञात व्यक्तीची साक्ष. किमान सहा महिने रोजच्या संबंधातली, नात्यातली नसलेली व्यक्ती."

 माझ्या रोजच्या संबंधात, नात्यात नसलेलं एकच माणूस होतं.

"यांच्यावर संशय आहे," तो पुटपुटला.

"कलमात तसं लिहिलंय?"

"नाही."

"मग तुम्ही वाढवू नका."

त्याने महानंदाला खुर्ची दिली. या वेळी ती बसली. पदर सारखा करून म्हणाली, "इचारा."

"या बाईंना तुम्ही ओळखता?"

"वळखते की. ह्या त्रिशला आक्का आरवाडे. डाव्या खांद्यावर देवीचा वण हाय. च्या बशीत वतून पितात, पन कुनी आलं की कपानं. दुपारच्या झोपंतनं उठल्या की पयल्यांदा घड्याळाला शिव्या देतात. उजव्या हाताला राती मुंग्या येतात, म्हनून जाताना मी उशी लावून जाते." ती थांबली. "मी ह्यांना वळखते सायेब. ह्यांनी मला वळखलं न्हाई, ती गोष्ट येगळी."

मी टेबलाकडे बघत राहिले.

उपळेकरने साक्ष नोंदवली. मग स्वतःशीच काही ठरवून त्याने बुधवारच्या व्यवहारांची फोड उघडली. टक्के नव्हे, टक्क्यांच्या आतली चारशे मापं. एका ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"बाई, इथे पकड उजव्या हाताची दिसते आहे."

मी डाव्या हाताने उजवा हात मांडीवरून उचलला आणि काळ्या काचेवर ठेवला. तो तसाच पडून राहिला. उपळेकरने त्याच्याकडे बघितलं आणि नजर बाजूला केली.

"कुणीतरी तुमचा जुना ठसा पळवलाय," तो हळूच म्हणाला. "फोनवर रोज काही करायचात का? खेळ, कोडी?"

"शब्दकोडं. रोज सकाळी. आठ वर्षं."

"तिथूनच. हाताची थरथर, थांबे, सगळं त्यांच्याकडे साठलं असणार. जोडीला दुकानाच्या नोंदी विकत घेतल्या, आणि त्यावरून ढगाचा मध्य काढला. मग मध्यावरूनच व्यवहार केले. खरं तर मध्यावर कुणी नसतं, बाई. चारशे मापांत एकाच वेळी सरासरी असणारा माणूस नसतोच. प्रत्येक जण कशात ना कशात सरकलेला असतो. खरे ठिपके सगळे मध्यापासून लांब पडतात."

"हे तुम्हाला ठाऊक आहे?"

"प्रशिक्षणात सांगतात."

"मग नव्व्याण्णव आले की थांबवत का नाही?"

"खालची मर्यादा ठेवलीय. वरची कुणाला सुचली नाही."

"आम्हाला १९९१ साली सुचली होती," मी म्हणाले. आवाज माझ्याही कानाला मोठा वाटला. काचेपलीकडे दोन माणसं वळून बघायला लागली. "दहावी पास पोरींना सुचली होती. लागताना पगार चारशे रुपये."

"आनि भडंग?" महानंदाने विचारलं.

"कसलं भडंग?"

तिने सांगितलं. उपळेकरने मान हलवली. "मोठा हात मारायच्या आधी नेहमीची एक छोटी वस्तू मागवतात. नेहमीच्या वारी, नेहमीच्या पत्त्यावर. खात्यावर सगळं रोजच्यासारखं चाललंय असं दिसावं म्हणून."

"म्हंजे मागवलं यंत्रानं, खाल्लं मी, आनि चोर बी मीच."

उपळेकर पुन्हा अर्जाकडे वळला. अर्जाच्या तळाशी एक चौकट होती, अधिकाऱ्याचा शेरा. त्याने सांगितलं की त्याच्या सहा वर्षांच्या नोकरीत ती कुणी भरलेली त्याने पाहिली नव्हती. "शेरा मारला की तो माझ्या नावावर राहतो, बाई. उद्या वरून विचारणा झाली तर..."

"आमच्याही राहायचा. म्हणून आम्ही विचार करून मारायचो, आणि मग घरी जाऊन झोपायचो."

त्याने खिडकीकडे बघितलं, हात पुसले आणि लिहिलं. खातेदार समक्ष हजर. ठसा खातेदाराचा राहिलेला नाही. सदर व्यवहार खातेदाराचे नाहीत. ठसा रद्द करावा व त्यावर आधारलेला संशयही रद्द करावा.

महानंदाच्या गळ्यातलं पत्र हिरवं व्हायला चार मिनिटं लागली. पैसे तीस दिवसांत येतील म्हणे. माफीचं कुणी काही बोललं नाही. सखीचा निरोप तेवढा आला. आमच्या सेवेला तुम्ही किती तारे द्याल?

"झालं न्हवं?" महानंदा उठली. "उद्यापास्नं दुसरी बाई बघा आक्का. दुपारच्याला तुमाला उचलायला जमंल अशी बघा, पाठीत जोर असलेली."

मी थांब म्हणाले नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार होते?

"एक राहिलं," उपळेकर म्हणाला. त्या जुन्या कलमाखाली काच चालत नव्हती, कागद लागत होता. कुठून तरी त्याने एक कागद छापून आणला आणि पेन शोधायला तीन टेबलं फिरला. वर साक्षीदाराची सही, खाली खातेदाराने लिहून द्यायचं की साक्षीदार आपल्या ओळखीची आहे आणि वरची सही तिचीच आहे.

महानंदाने सही केली. मोठी अक्षरं, ओळ सोडून वर चढलेली. मग कागद माझ्याकडे ढकलला.

"नीट बघून घ्या आक्का. खोटी असंल."

मी चष्मा काढला. घडी घालून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय मला पेनाचं टोकसुद्धा दिसत नाही. सदतीस वर्षांत एकही सही मी न बघता पुढे जाऊ दिली नव्हती. डाव्या हातात पेन धरून, अंदाजाने, मी खाली लिहायला लागले. ओळखते.

उजवा हात दाबून ठेवायला नव्हता. कागद सरकायला लागला. टेबलापलीकडून महानंदाने एक बोट त्यावर टेकवलं आणि माझं लिहून होईपर्यंत ते तिथेच ठेवलं. ती खिडकीबाहेर बघत होती.